बीपीच्या औषधाला कार्बनचं वाहन : कॉम्प्युटरवरची गणितं नक्की काय सांगतात?

कणाद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीत काम करतो, म्हणजे टेस्ट ट्यूब, चंचुपात्र वगैरे काही नाही, दिवसभर रेणूंची गणितं. गेल्या काही वर्षांत आमच्या क्षेत्रात एका ठरावीक साच्याचे पेपर फार यायला लागलेत आणि त्यातले बरेच आता बीपीच्या औषधांवर आहेत, त्याबद्दल इथे सविस्तर बोलावंसं वाटलं कारण इथे डॉक्टर आहेत, फार्मावाले आहेत आणि रोज गोळी घेणारेही आहेत.

साचा असा. कार्बनचा एक नॅनोकण घ्यायचा, बहुतेक वेळा सी६०, म्हणजे ६० कार्बन अणूंचा पोकळ गोळा, १२ पंचकोन आणि २० षटकोन, रुंदी साधारण ०.७ नॅनोमीटर. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी तो १९८५ मध्ये शोधला आणि १९९६ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. या गोळ्याशेजारी औषधाचा एक रेणू ठेवायचा. कॅप्टोप्रिल घेतलं तर २९ अणू, म्हणजे एकूण ८९. अ‍ॅम्लोडिपिन घेतलं तर ५३, एकूण ११३. मग डीएफटी लावायची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून ऊर्जा काढायची पद्धत, १९६४-६५ मध्ये होहेनबर्ग, कोन आणि शॅम यांनी तिचा पाया घातला. सॉफ्टवेअर अणू थोडे थोडे हलवत सगळ्यात कमी ऊर्जेची मांडणी शोधतं. शेवटी दोघं एकत्र असतानाची ऊर्जा वजा वेगवेगळे असतानाची ऊर्जा, ही झाली अ‍ॅड्सॉर्प्शन एनर्जी. ती चांगली ऋण आली की निष्कर्ष ठरलेला, हा कण या औषधाचा आशादायक वाहक आहे.

आता माझं म्हणणं. हा आकडा फक्त एवढंच सांगतो की औषध कणाला चिकटतं. वाहकाचं काम चिकटवून घेण्यात संपत नाही, ठरल्या जागी सोडलंही पाहिजे आणि सोडल्यावर वाहकाचं पुढे काय झालं तेही माहीत पाहिजे. हे तिन्ही प्रश्न कॉम्प्युटरला विचारता येतात, साधनं आहेत, पण बहुतेक पेपर पहिल्याच प्रश्नावर थांबतात आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण बीपी हा कोट्यवधी लोकांचा रोग आहे आणि आमच्या गणितांचा तिथे खरा उपयोग होऊ शकतो.

चिकटण्याच्या ऊर्जेवरून सुटायला किती वेळ लागेल याचा ढोबळ अंदाज एका सोप्या सूत्राने येतो, वेळ म्हणजे १० चा उणे १२ वा घात सेकंद गुणिले ई चा (ऊर्जा भागिले केटी) घात. केटी म्हणजे त्या तापमानाला रेणूंच्या हालचालीत असणारी ऊर्जा, शरीराच्या तापमानाला ती ०.६१६ किलोकॅलरी प्रति मोल. करून बघा. ऊर्जा १० असेल तर सुटायला अकरा मायक्रोसेकंद, म्हणजे औषध चिकटलंच नाही म्हणा. २० असेल तर दोन मिनिटं. २५ ला पाच दिवस. ३० ला पंचेचाळीस वर्षं. सूत्रात ऊर्जा घातांकात बसलीय म्हणून पाच किलोकॅलरीचा फरक मिनिटांचे दिवस करतो आणि दिवसांची वर्षं. आणि बऱ्याच पेपरांत वापरलेल्या पद्धतीची चूकच पाच किलोकॅलरीच्या आसपास किंवा जास्त असते. मग त्यावरून "आशादायक" कसं म्हणायचं?

काही जण सी६० मधला एक कार्बन काढून तिथे अ‍ॅल्युमिनियम किंवा सिलिकॉन बसवतात, मग औषधातला ऑक्सिजन किंवा नायट्रोजन त्याला घट्ट धरतो. समजा १.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आले, म्हणजे ३४.६ किलोकॅलरी. वरच्या सूत्राने सुटायला सुमारे ऐंशी हजार वर्षं लागतात. असा आकडा पेपरात यश म्हणून छापून येतो.

चर्चा करूया. डॉक्टर मंडळींनी जरूर लिहा.

चाफा

वाखूसा (वाचनखूण साठवली). सूत्र कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, खरंच २० आणि ३० मध्ये एवढा फरक येतो. पण एक शंका, मुळात बीपीच्या गोळ्यांना वाहक हवाच कशाला? माझी आई रोज सकाळी एक गोळी घेते, बीपी व्यवस्थित आहे.

कणाद

चाफा, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर औषधागणिक बदलतं. लोसार्टन तोंडाने घेतलं तर साधारण एक तृतीयांशच रक्तात पोचतं, बाकीचं लिव्हर पहिल्या फेरीतच बदलून टाकतं. वलसार्टन पाव. प्रोप्रानोलोल पण पावाच्या आसपास. कॅप्टोप्रिलचं अर्धायुष्य दोन तासांच्या घरात, म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं. टेल्मिसार्टन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पेपरांच्या प्रस्तावनेत हीच कारणं दिलेली असतात आणि ती खरी आहेत.

मांडवीकाठ

मी गोव्यात फॉर्म्युलेशनमध्ये आहे, म्हणून यावर जरा लांब लिहितो. कणाद म्हणतायत ती कारणं खरी, पण यातल्या बहुतेकांची उत्तरं आम्ही कार्बनशिवाय आधीच काढलेली आहेत आणि ती स्वस्त आहेत. टेल्मिसार्टनचंच बघा. तो आम्ल आहे, अल्कलीत विरघळतो, म्हणून गोळीतच सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेग्लुमिन घालतात, गोळी ओली झाली की तिच्याभोवती थोडा वेळ अल्कधर्मी वातावरण तयार होतं आणि औषध सुटतं. त्याची किंमत अशी की गोळी हवेतली ओल भराभर ओढून घेते, म्हणून ती दोन्हीकडून जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात येते. आमच्याकडे पावसाळ्यात तर पाकिटाबाहेर काढलेली गोळी ठेवूच नये. घरी आठवड्याच्या डबीत टेल्मिसार्टन काढून ठेवणारे असतील त्यांनी ती सवय बदला, गोळी घ्यायच्या वेळीच पाकीट फोडा.

निफेडिपिनचंही तसंच, साध्या कॅप्सूलने बीपी धाडकन पडायचं, मग हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या आल्या आणि प्रश्न बराचसा मिटला. आणि अ‍ॅम्लोडिपिनवर वाहकाचे पेपर का करतात हे मला कळत नाही. ६४ ते ९० टक्के रक्तात पोचतं, अर्धायुष्य ३० ते ५० तास, दिवसाला एक गोळी पुरते, एखादा डोस चुकला तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत बरंचसं औषध अंगात असतं. याला वाहक कशासाठी?

आमच्याकडे कुठलीही नवीन कल्पना आली की पहिली परीक्षा डिझोल्यूशनची. ९०० मिलीलिटर बफर, ३७ डिग्री, पॅडल ठरलेल्या वेगाने फिरतं, ठरलेल्या मिनिटांना नमुना काढायचा आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) बघायचं की किती औषध बाहेर आलं. कणादनी जे सुटण्याचं गणित मांडलंय ना, तीच गोष्ट आम्ही भांड्यात मोजतो. मला असा एक तरी कॉम्प्युटरवरचा पेपर बघायचाय जो म्हणेल की पीएच १.२ ला इतकं सुटेल आणि ६.८ ला इतकं, मग आम्ही भांडं लावून तपासू.

गावाकडचा_डॉक्टर

धागा फार आवडला. एक गोष्ट सांगतो जी या विषयावरच्या पेपरांत मला तरी दिसली नाही.

कार्बन बीपीच्या औषधाला धरतो हे आम्हाला कॅज्युअल्टीत फार आधीपासून माहीत आहे. कोणी अ‍ॅम्लोडिपिनच्या स्ट्रिपच्या स्ट्रिप गिळून आलं, शेतीच्या कर्जापायी, घरातल्या भांडणापायी, परीक्षेपायी, असे पेशंट येतात, तर वेळेत आला आणि शुद्धीत असेल तर आम्ही अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल देतो, मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम, पाण्यात कालवलेली काळी भुकटी. ती आतड्यातल्या औषधाला पृष्ठभागावर पकडते आणि रक्तात जाऊ देत नाही, पकडलेलं तसंच शौचावाटे बाहेर. म्हणजे कार्बनच्या सपाट षटकोनांवर औषध चिकटणं ही जी गोष्ट पेपरात वाहकाचा गुण म्हणून येते, तिच्याच जोरावर आम्ही औषध शरीरात जाण्यापासून थांबवतो. घट्ट चिकटणं हा तोंडाने घ्यायच्या औषधात दोष ठरू शकतो, हे समोर पेशंट असला की पटकन कळतं.

म्हणून सुटण्याचा प्रश्न पहिला विचारा, ही कणादची मागणी मला शंभर टक्के पटते.

निवृत्त_मास्तर

डॉक्टरसाहेब, हे वाचून अंगावर काटा आला. असा विचार कधी केला नव्हता. पोस्टमनने पिशवी कितीही घट्ट धरली तरी पत्र दारात पडलं तरच उपयोग, हे मला आता समजलं.

मी गेली कित्येक वर्षं अ‍ॅम्लोडिपिन घेतोय. एक विचारायचं होतं, इंटरनेटवर ऑलिव्ह ऑइलमध्ये विरघळवलेलं सी६० विकायला असतं, आयुष्य वाढतं असं लिहिलेलं असतं, एका ओळखीच्याने आग्रह केलाय. बीपीच्या गोळीबरोबर ते घ्यावं का?

उत्तरवारा

मास्तर काका, घेऊ नका. मी विषशास्त्रात काम करते, सध्या युरोपात असते. त्या आयुष्यवाढीच्या बोलबाल्याचं मूळ २०१२ मधल्या मोजक्या मोठ्या उंदरांवरच्या प्रयोगात आहे. नंतर दुसऱ्या गटाने लहान उंदरांवर नीट तपासलं तेव्हा आयुष्य वाढलं नाही, उलट उजेडात राहिलेलं तेल विषारी ठरलं. बाजारातली बाटली किती उजेडात राहिलीय हे तुम्हाला कोण सांगणार? आणि त्यात सी६० तुमच्या औषधाला आतड्यात धरेल का, याची तपासणी विक्रेत्याने केलेली असण्याची शक्यता नाही.

गावाकडचा_डॉक्टर

काका, +१. आणि कुठल्याही वाचनावरून गोळी बंद करू नका, कमी करू नका. अ‍ॅम्लोडिपिन हे उत्तम औषध आहे.

निवृत्त_मास्तर

दोघांचे आभार. ओळखीच्याला तुमचे प्रतिसाद दाखवतो.

उत्तरवारा

आता कणादच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल, वाहकाचं पुढे काय होतं. माझा रोजचा विषय हाच.

"कार्बन नॅनोकण विषारी आहेत का" हा प्रश्न असा विचारताच येत नाही, कारण कुठला कण, किती लांब, पृष्ठभागावर काय लावलंय, किती स्वच्छ केलाय यावर सगळं अवलंबून असतं. २००४ मध्ये सी६० मुळे माशांच्या मेंदूत ऑक्सिडेशनची इजा दिसली म्हणून केवढी खळबळ झाली होती, पुढे लक्षात आलं की सी६० पाण्यात आणायला वापरलेल्या टीएचएफ या सॉल्व्हंटच्या अवशेषांचा त्यात मोठा हात असू शकतो. दुसऱ्या बाजूला, २००८ मध्ये लांब, ताठ, अनेक भिंतींच्या नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, उंदरांच्या पोटाच्या पोकळीत टोचल्या तर अ‍ॅस्बेस्टॉससारखी दाहाची प्रतिक्रिया येते हे दिसलं, आणि त्या जातीतल्या एका विशिष्ट नॅनोट्यूबला आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने नंतर "मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता" या २बी गटात टाकलं. छोट्या, ऑक्सिडाइझ केलेल्या नॅनोट्यूब मात्र आपल्याच पांढऱ्या पेशींमधलं मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम हळूहळू तोडू शकतं, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे एकच उत्तर नाही.

बाहेर पडण्याचा मार्गही आकारावर ठरतो. ५-६ नॅनोमीटरपेक्षा लहान आणि सुटा कण असेल तर किडनी गाळून लघवीवाटे टाकू शकते. सी६० सुटा असता तर सहज गेला असता, पण पाण्यात तो सुटा राहतच नाही, त्याचे पुंजके होतात, शंभर नॅनोमीटरच्या घरातले, आणि ते लिव्हर आणि प्लीहेत जाऊन बसतात.

आता हिशोब करा. पेपरात एका गोळ्यावर औषधाचा एक रेणू असतो. सी६० चं रेणुवजन ७२०, अ‍ॅम्लोडिपिनचं ४०९. ५ मिलिग्रॅम अ‍ॅम्लोडिपिन न्यायला जवळजवळ ९ मिलिग्रॅम कार्बन लागतो, वर्षाला ३ ग्रॅमहून जास्त. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमचं असेल तर रोज ५६ मिलिग्रॅम आणि वर्षाला २० ग्रॅम. कॅन्सरचा पेशंट काही महिने औषध घेतो, समोर मृत्यू असतो, तिथे थोडा धोका पत्करता येतो. बीपीचा पेशंट पस्तिशीत सुरू करतो आणि आयुष्यभर घेतो, तब्येतीने बहुधा ठणठणीत. त्याच्या लिव्हरमध्ये दरवर्षी काही ग्रॅम न विरघळणारा कार्बन साठवायचा? माझ्या मते इंजेक्शनने द्यायचा वाहक म्हणून नुसता सी६० बीपीसाठी इथेच बाद होतो.

चाफा

बाप रे, वर्षाला २० ग्रॅम. हे गणित पेपरात का नसतं?

एमएस्सी_नांदेड

सगळ्यांना नमस्कार, मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रोजेक्ट एक्झॅक्ट हाच आहे, सी६० आणि अ‍ॅम्लोडिपिन. सरांनी बी३एलवायपी (डीएफटीचा एक प्रकार) आणि ६-३१जी(डी) (इलेक्ट्रॉन मांडायच्या गणिती फंक्शनांचा संच, म्हणजे बेसिस) वापरायला सांगितलंय, गॅस फेजमध्ये, म्हणजे पाणी न धरता, आणि होमो-लुमो गॅप (इलेक्ट्रॉनच्या सगळ्यात वरच्या भरलेल्या आणि सगळ्यात खालच्या रिकाम्या पातळीतलं अंतर) काढायचाय. कॉलेजात एकच बरा कॉम्प्युटर आहे. आता हे सगळं वाचून टेन्शन आलंय, विषय बदलायला वेळ नाही. याच विषयात काय केलं तर काम अर्थपूर्ण होईल? प्लीज सांगा.

कणाद

अरे टेन्शन घेऊ नकोस, विषय चांगला आहे, प्रश्न थोडा बदलायचा. मी सांगतो, सरांशी बोलून घे.

पहिली गोष्ट, नुसतं बी३एलवायपी नको. कार्बनच्या पृष्ठभागावर औषध धरलं जातं ते मुख्यतः डिस्पर्शनने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या हेलकाव्यांमुळे कुठल्याही दोन रेणूंमध्ये असणाऱ्या हलक्या आकर्षणाने, आणि साध्या बी३एलवायपीला डिस्पर्शन दिसतच नाही. बेंझीनचे दोन रेणू एकावर एक ठेव, खरं आकर्षण साधारण पावणेतीन किलोकॅलरी आहे, साधं बी३एलवायपी सांगेल की ते एकमेकांना ढकलतायत. तुझ्या अ‍ॅम्लोडिपिनमध्ये क्लोरीन लावलेलं बेंझीनचं कडं आहे, ते सी६० च्या षटकोनावर पालथं पडणार, आणि तीच गोष्ट तुझी पद्धत चुकवणार. ग्रिमेची डी३ करेक्शन २०१० पासून उपलब्ध आहे, इनपुटमध्ये एक शब्द वाढवायचा, वेळ जवळपास तेवढाच लागतो. ६-३१जी(डी) छोटा बेसिस आहे, त्यात दोन रेणू एकमेकांचे बेसिस फंक्शन उसने घेतात आणि आकर्षण फुगून दिसतं, म्हणून काउंटरपॉइज करेक्शन कर.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. अ‍ॅम्लोडिपिनच्या अमिनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात तो आकडा, ८.६ आहे. रक्ताचा पीएच ७.४. म्हणजे रक्तात शंभरातले ९४ रेणू प्रोटॉन घेतलेले, धनभारित असतात, पोटात तर सगळेच. पेपरात मात्र न्यूट्रल रेणू घेतलेला असतो, म्हणजे जो सहा टक्के आहे त्याचंच गणित होतं. ५४ अणूंचा प्रोटोनेटेड रेणू घे आणि दोन्हीची तुलना कर. गॅस फेजमध्ये धनभारित रेणू सी६० ला खूप घट्ट चिकटलेला दिसेल, पाणी घातलं की ती पकड बरीच सैल होईल, कारण पाणी त्या अमोनियम टोकाला सोडायला तयार नसतं. हा फरक तू मोजून दाखवलास तर तेवढ्यावर तुझा प्रोजेक्ट उभा राहतो.

तिसरी गोष्ट, एकाच मांडणीवर थांबू नकोस. अ‍ॅम्लोडिपिन लवचिक आहे, ती इथॉक्सीची साखळी कशीही वळते. क्लोरोफिनाइल खाली, एस्टर खाली, अमिन खाली, अशा वेगवेगळ्या बाजूंनी रेणू ठेवून सुरुवात कर आणि कुठली सगळ्यात खाली जाते ते बघ.

कॉम्प्युटर छोटा असेल तर आधी एक्सटीबी हा झटपट, ढोबळ गणितं करणारा प्रोग्राम वापर, फुकट आहे, डिस्पर्शन त्यात आहेच, ११३ अणूंचं काम साध्या लॅपटॉपवर थोड्या वेळात होतं. तिथून निवडक मांडण्या घेऊन ऑर्कावर डीएफटी कर, शिक्षणसंस्थांना ऑर्काही फुकट मिळतं.

होमो-लुमो गॅपबद्दल, तो काढ, पण "गॅप कमी झाला म्हणून वाहक चांगला" असं लिहू नकोस. गॅप बदलणं हे सेन्सरच्या दृष्टीने कदाचित कामाचं, औषध कधी सुटेल याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. एकाच पेपरात तोच कण सेन्सर म्हणूनही आणि वाहक म्हणूनही गौरवलेला असतो, ते टाळ.

एमएस्सी_नांदेड

खूप खूप धन्यवाद सर!! एक्सटीबी आजच उतरवून घेतलं. पाणी घालायचं म्हणजे पीसीएम लावलं तर चालेल का की खरे पाण्याचे रेणू घालावे लागतील?

कणाद

प्रोजेक्टला एसएमडी किंवा पीसीएम पुरेसं आहे. त्यात पाणी म्हणजे सलग माध्यम, रेणू नसतात. पण तुला खरंच सुटण्याचा प्रश्न सोडवायचा असेल तर पुढे मॉलिक्युलर डायनॅमिक्सकडे, म्हणजे रेणूंची हालचाल क्षणाक्षणाने चालवून बघण्याकडे, जावं लागेल. पाच नॅनोमीटर बाजूचा पाण्याचा डबा घेतलास तर चार हजारांवर पाण्याचे रेणू बसतात, म्हणजे बारा हजारांवर अणू, इतक्यांवर डीएफटी परवडत नाही, म्हणून फोर्सफिल्ड, म्हणजे अणूंमधल्या बलांची साधी सूत्रं, वापरायचं. त्यासाठीचा ग्रोमॅक्स प्रोग्राम फुकट आहे. एक पायरी दोन फेम्टोसेकंदांची, १०० नॅनोसेकंद चालवायचे तर ५ कोटी पायऱ्या. आणि नुसतं चालवून औषध सुटेल याची वाट बघत बसायचं नाही, ते अंब्रेला सॅम्पलिंगने करायचं, म्हणजे औषधाला कणापासून वेगवेगळ्या अंतरांवर हलकेच धरून ठेवायचं आणि प्रत्येक ठिकाणी किती जोर लागतो त्यावरून मुक्त ऊर्जेचा आलेख काढायचा. धाग्याच्या सुरुवातीला दिलेल्या सूत्रात बसवायला खरं तर हाच आकडा हवा, गॅस फेजमधला नको, कारण यात पाणी, तापमान, एन्ट्रॉपी सगळं आलं. ५ कोटी पायऱ्यांना ग्राफिक्स कार्ड असेल तर बरं. विद्यापीठामार्फत सुपरकॉम्प्युटरसाठी अर्ज करता येतो का ते विचार. परम मालिका पुण्यात सी-डॅकने १९९१ पासून उभी केली, आज नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधली यंत्रं देशात बऱ्याच संस्थांत आहेत, पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे.

उत्तरवारा

त्यात एक भर. रक्तात कण गेला की काही क्षणांत त्याच्यावर प्रथिनांचा थर बसतो, अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन वगैरे, त्याला आम्ही प्रोटीन कोरोना म्हणतो. औषध ज्या जागेवर बसलंय तीच जागा प्रथिनालाही हवी असते. त्यामुळे डब्यात पाणी, औषध, कण एवढंच असेल तर तेही अर्धंच चित्र. एमएस्सीला हे जमणार नाही, पण प्रबंधात एक परिच्छेद नक्की लिही.

मांडवीकाठ

कणाद, मला एक तात्त्विक शंका आहे. कॅन्सरमध्ये डॉक्सोरुबिसिन हे औषध ग्राफीन ऑक्साइडवर (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पत्रा, ऑक्सिजन लावलेला) स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त बसवता येतं हे मी वाचलंय, आणि ते आम्लधर्मी जागेत सुटतं, गाठीच्या आसपास पीएच कमी असतो, पेशीच्या आतल्या पिशव्यांत आणखी कमी, म्हणून सुटायला कारण मिळतं. बीपीत असं कारण कुठून आणायचं? रक्तवाहिनीच्या भिंतीजवळ पीएच तोच ७.४. आणि अ‍ॅम्लोडिपिनला जायचंय कुठे, तर अंगभरच्या छोट्या धमन्यांच्या स्नायूंत. ठरावीक पत्ताच नाही.

कणाद

हाच माझ्याही मनातला मुख्य मुद्दा आहे, तुम्ही माझ्यापेक्षा नेमका मांडलात. बीपीच्या बहुतेक गोळ्यांना सुटण्याचं ठिकाण नाही आणि सुटण्याचं निमित्तही नाही. म्हणून कॅन्सरचा साचा उचलून इथे बसवता येत नाही.

गावाकडचा_डॉक्टर

मग मी अशा जागा सांगतो जिथे खरोखर पत्ता आहे.

एक म्हणजे गरोदरपणातलं बीपी, प्रीएक्लाम्पसिया. तिथे आमच्या हातात मोजकी औषधं आहेत, लॅबेटेलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा. एसीई इनहिबिटर (कॅप्टोप्रिलसारखी) आणि सार्टन (लोसार्टनसारखी) गटातली औषधं बाळाच्या किडनीला घातक म्हणून वर्ज्य. औषध आईच्या रक्तात राहावं आणि नाळेतून पलीकडे जाऊ नये असा वाहक कोणी बनवला तर बाया वाचतील, बाळं वाचतील. बाळंतीण दगावते तेव्हा त्या घराचं काय होतं ते बघितलंय, म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय. पण गरोदर बाईला काही द्यायचं तर सुरक्षिततेची अट सगळ्यात कडक असणार.

दुसरी जागा फुप्फुसाच्या धमन्यांचं बीपी, पल्मनरी हायपरटेन्शन. तिथे औषध श्वासातून थेट देता येतं, पत्ता स्पष्ट आहे.

तिसरी अतिदक्षता विभाग, जिथे बीपी मिनिटांत खाली आणायचं असतं. क्लेव्हिडिपिन हे औषध शिरेतून देतात, पाण्यात विरघळत नाही म्हणून ते चरबीच्या बारीक थेंबांच्या दुधाळ इमल्शनमध्ये येतं, अमेरिकेत २००८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे बीपीच्या औषधाला सूक्ष्म वाहक आधीच आहे, फक्त तो कार्बनचा नाही, चरबीचा आहे आणि शरीर ती पचवून टाकतं.

नेहमीच्या बीपीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आपल्याकडे आयएचसीआय हा सरकारी बीपी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे आधी घेतले होते. त्यात साधा ठरलेला उपचारक्रम, साधी स्वस्त औषधं, गावाजवळच्या केंद्रावर महिन्याचा साठा आणि जो आला नाही त्याला फोन. या चार गोष्टींनी बीपी आटोक्यात येतं. माझ्या ओपीडीत माणूस गोळी सोडतो ती "आता बरं वाटतंय" म्हणून सोडतो, किंवा मजुरी बुडते म्हणून केंद्रावर येत नाही. गोळी रक्तात किती टक्के पोचते हे तिथे आड येत नाही.

उत्तरवारा

डॉक्टर, गोळी सोडून देणं हा प्रश्न असेल तर त्यावरही काम चाललंय, फक्त वेगळ्या वाटेने. झिलेबेसिरान नावाचं औषध चाचण्यांमध्ये आहे, ते लहान आरएनए आहे, त्याला एक खास साखर जोडलेली असते, ती साखर फक्त लिव्हरच्या पेशी ओळखतात. आत जाऊन ते अँजिओटेन्सिनोजेन, म्हणजे बीपी वाढवणाऱ्या साखळीतलं पहिलं प्रथिन, तयार होणंच कमी करतं. दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत एका इंजेक्शनचा परिणाम सहा महिने टिकलेला दिसला. किंमत काय असेल, आपल्याकडे कधी येईल हा वेगळा विषय, पण वाहक म्हणून काय लागलं तर साखरेचे तीन रेणू. पत्ता ठरलेला, काम झालं की तुटून जाणारं.

चाफा

अवांतर: कार्बनचे कण माणसाला मुळीच देत नाहीत का? की कुठेच मंजुरी नाही?

उत्तरवारा

देतात, एक ठळक उदाहरण आहे. चीनमध्ये थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये कार्बन नॅनोकणांचं सस्पेन्शन टोचतात, लिम्फ नोड काळे पडतात आणि सर्जनला स्पष्ट दिसतात, पॅराथायरॉइड ग्रंथी काळ्या पडत नाहीत म्हणून त्या चुकून कापल्या जात नाहीत. पण ते एकदाच, थोडंसं आणि बरंचसं कापून बाहेर निघतं. रोज तीस वर्षं घेणं ही गोष्टच निराळी.

निवृत्त_मास्तर

एक बालबोध प्रश्न विचारतो, रागावू नका. इतकं सगळं गणित करून कधी बीपीचं औषध खरोखर सापडलंय का?

कणाद

मास्तर, प्रश्न मुळीच बालबोध नाही आणि उत्तर "हो" आहे, तेही यातल्याच औषधाचं, कॅप्टोप्रिलचं. ब्राझीलमध्ये एक विषारी साप आहे, जराराका. त्याच्या विषातले काही छोटे पेप्टाइड शरीरातल्या एसीई या बीपी वाढवणाऱ्या एन्झाइमला रोखतात असं दिसलं, ब्राझीलच्या सर्जिओ फरेरा यांचं काम त्यात मोलाचं. पण पेप्टाइड तोंडाने घेतलं तर पचून जातं. मग स्क्विब कंपनीतल्या कुशमन आणि ओंडेटी यांनी विचार केला की एसीईची रचना माहीत नाही, पण त्याच्यासारखं काम करणाऱ्या कार्बॉक्सिपेप्टिडेज-ए या एन्झाइमची रचना माहीत आहे, दोन्हीत मधे झिंकचा अणू आहे, तर एसीईची बसण्याची जागा साधारण अशी असेल. त्या काल्पनिक जागेत बसेल असा छोटा रेणू त्यांनी कागदावर आखला, झिंकला धरायला गंधक असलेलं टोक लावलं, आणि कॅप्टोप्रिल झालं. १९८१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. एसीईची खरी रचना दिसली ती २००३ मध्ये, म्हणजे औषध बाजारात येऊन वीस वर्षं होऊन गेल्यावर.

त्यांच्याकडे आजच्या मानाने कॉम्प्युटर नव्हताच. पण त्यांनी प्रश्न असा निवडला की ज्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तपासता येईल, आणि रेणू बनवून तो तपासलाही. मांडवीकाठ म्हणतायत तसं पीएच १.२ ला किती आणि ६.८ ला किती असं भाकीत आमच्याकडून यायला हवं ते याचसाठी.

निवृत्त_मास्तर

सापाच्या विषापासून बीपीची गोळी! आमच्या विज्ञानाच्या तासाला हे सांगता आलं असतं तर पोरं हललीच नसती जागची.

मांडवीकाठ

कणाद, मग एक ठरवूया का? कॅप्टोप्रिल घेऊ. छोटा रेणू, पाण्यात विरघळतो, वारंवार घ्यावा लागतो, म्हणजे हळूहळू सोडण्याची खरी गरज आहे. वाहक नुसता सी६० नको, पाण्यात सुटा राहणारा हवा, हायड्रॉक्सिल लावलेला फुलरेनॉल किंवा कार्बन डॉट्स. तुम्ही दोन्ही पीएचला मुक्त ऊर्जा काढा, मी आमच्याकडे परवानगी मिळते का बघतो, डिझोल्यूशनचं भांडं लावायला फार खर्च नाही.

कणाद

आनंदाने. फक्त कॅप्टोप्रिलमध्ये कार्बॉक्सिलचा पीकेए ३.७ आणि थायॉलचा ९.८, म्हणजे १.२ ला रेणू न्यूट्रल आणि ६.८ ला ऋणभारित. फुलरेनॉलवरचे काही हायड्रॉक्सिलही त्या पीएचला प्रोटॉन सोडून ऋणभारित होतात, तेव्हा ६.८ ला दोघं एकमेकांना ढकलतील आणि औषध लवकर सुटेल असा माझा अंदाज आहे. पोटात धरून ठेवणं आणि आतड्यात सोडणं, हे आपल्याला हवंच आहे. अंदाज चुकला तर तेही इथेच लिहीन. थायॉल हवेत ऑक्सिडाइझ होऊन दोन रेणू जोडले जातात, त्यामुळे तुमच्या भांड्यात नायट्रोजन सोडावा लागेल, नाहीतर एचपीएलसीवर डायसल्फाइडचं शिखर वेगळं दिसेल आणि हिशोब चुकेल.

मांडवीकाठ

ते आम्हाला नेहमीचं आहे, थोडं ईडीटीए पण घालतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

एमएस्सी_नांदेड

सर, अ‍ॅम्लोडिपिनचा प्रोटोनेटेड रन लावलाय, क्लोरोफिनाइल खाली ठेवून. न्यूट्रलचा त्याच मांडणीत आधी झाला. दोन्ही पाण्यात आणि गॅसमध्ये, चारही आकडे आले की इथे टाकतो. चार्ज प्लस वन आणि मल्टिप्लिसिटी वनच ना?

कणाद

हो, प्लस वन आणि वन. आणि आउटपुटमध्ये फ्रिक्वेन्सी तपास, एकही ऋण आली नाही पाहिजे, आली तर ती कमीत कमी ऊर्जेची मांडणी नाही.